अंजूरच्या खारातलं नारिंगी कडं

एकच पक्षी एकाच दिवशी दोन ठिकाणी असू शकत नाही. माझा हा सगळा प्रवास या एका वाक्यामुळे झाला, म्हणून ते आधी सांगते.

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. हिवाळ्यात खाड्यांवर उतरणाऱ्या काही पक्ष्यांच्या पायांत अभ्यासकांनी प्लास्टिकची रंगीत कडी घातलेली असतात. कुठल्या पायात कुठला रंग, कुठला वर आणि कुठला खाली, यावरून तो नेमका कोणता पक्षी ते ओळखता येतं. असा पक्षी ज्याला दिसेल तो ॲपवर नोंद करतो. नोंद पटली की त्याला पत्र जातं. कडी कुठे घातली, त्यानंतर तो कुठे कुठे दिसला, अशी त्या पक्ष्याची सगळी हकिगत त्यात असते. नोंदी तपासायचं काम आम्ही चार-पाच जण करतो. मी ते नाशिकला घरी बसून करते. त्यात माणसांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

भिवंडीजवळच्या अंजूरहून बाळाराम नावाचे एक गृहस्थ दोन हिवाळे एकाच पाणटिवळ्याच्या नोंदी पाठवत होते. पाणटिवळा म्हणजे लांब पायांचा, लांब सरळ चोचीचा, चिखलात चोच खुपसून खाणारा पक्षी. यांच्या पाणटिवळ्याच्या डाव्या पायात वर नारिंगी आणि खाली पिवळं कडं होतं, उजव्या पायात पांढरं. अडचण अशी, की ज्या दुपारी त्यांनी तो अंजूरला पाहिला म्हणून कळवलं, त्याच दुपारी गुजरातेतल्या एका मिठागरात कुणीतरी तोच पक्षी टिपला होता. गुजरातचा फोटो स्वच्छ होता. बाळारामांचा फोटो दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला, धुरकट. सोबत दर वेळी वहीच्या एका पानाचाही फोटो असायचा. तिरकं, दाट अक्षर. मी त्यातली तारीख आणि जागा बघायचे आणि पुढे जायचे.

गटाचं काम बघणाऱ्या मीनलताईंनी मला फोन केला. "तू जाऊन ये. त्यांना आधी कळवू नकोस. मला फक्त हो किंवा नाही सांग. नाही असेल तर त्यांच्या सगळ्याच नोंदी काढून टाकाव्या लागतील."

खरं सांगायचं तर माझं 'नाही' निघण्याआधीच ठरलं होतं.

पहिला दिवस

मुक्काम कल्याणला मावशीकडे केला. सकाळी कोन गावावरून भिवंडी गाठली आणि तिथून अंजूरची रिक्षा धरली. माझ्या मांडीवर मोठ्या दुर्बिणीची पिशवी होती आणि बाजूला तिची घडीची तिपाई. रिक्षावाला आरशातून तिपाईकडेच बघत होता.

"सर्वे है क्या, मॅडम?"

"नाही. दुर्बीण आहे. पक्षी बघायला."

"सब यही बोलते हैं," तो म्हणाला. "फिर छह महीने में गोडाऊन खड़ा होता है."

मी पिशवी जवळ ओढली. बाहेर दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोदामं होती आणि त्यांच्या मधल्या फटींतून भाताच्या कापलेल्या शेतांचे तुकडे दिसत होते. एका ठिकाणी शेताच्या बरोबर मधोमध कंटेनर उभा होता. त्याच्या सावलीत म्हैस बसली होती.

गावात उतरले तर रस्त्याच्या कडेला एक बाई सुकट वाळत घालत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "कोनाकडं जायाचं गो?"

"कुणाकडे नाही," मी म्हणाले.

आमच्या नाशिकच्या कॉलनीत 'कुणाकडे नाही' म्हटलं की बोलणं संपतं. इथे ते सुरू झालं. बाईने हात पुसले, पलीकडच्या दारातल्या बाईला हाक मारली, आणि खाडीच्या बांधापर्यंत पोचेस्तोवर माझ्या मागे तिघी जणी होत्या.

बांधाच्या आत खार आहे. खाडीचं पाणी बांधाने अडवून काढलेली ही शेतजमीन. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी काही तासांपुरते इथल्या उथळ पाण्यात येऊन उभे राहतात. पौर्णिमा होती, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास भरती. निम्म्या खारात लाल मुरूम टाकून भराव केलेला होता. उरलेल्या निम्म्यात पाणी होतं. मी तिपाई उघडली.

"मोजनी लागली काय गो?" मागून आवाज आला.

"नाही हो. पक्षी बघतेय."

"पाखरं बघाया तीन पायांची गरज लागतं काय?"

बाकीच्या दोघी हसल्या. मला हसता आलं नाही. तेवढ्यात बांधावरून एक साठीचे गृहस्थ आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, गळ्यात पट्टा तुटल्यामुळे सुतळीने बांधलेली दुर्बीण. हेच बाळाराम, हे मी लगेच ओळखलं. त्यांना मी कळू दिलं नाही.

"पाखरांसाठी आलीस का जमिनीसाठी?" त्यांनी सरळ विचारलं.

"पक्ष्यांसाठी. सहज."

"सहज." त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. "मंग सांग, ती पांढरी झोपलीत ती कोन?"

माझी परीक्षा चालली होती. परीक्षा घ्यायला मी आले होते. मी दुर्बिणीत पाहिलं. चोची पंखांत खुपसलेल्या, पण एकाची थोडी बाहेर होती, टोकाला चपटी.

"स्पूनबिल."

"चमच्या म्हन. पन वलखलास." ते बायकांकडे वळले. "जावा गो घरी. मोजनीवाली न्हाय ही."

बायका गेल्या, पण फार लांब नाही.

पाणी चढू लागलं तसे पक्षी येऊ लागले. आधी लहान, चिखलाच्या रंगाचे, मग एकदम शंभरेक पाणटिवळे. ते उतरायला आणि भरावाच्या बाजूला डंपरने मुरूम ओतायला एकच गाठ पडली. सगळा थवा उठला, दोन गिरक्या घेतल्या आणि खाडीपलीकडे गेला. मी एकही पाय पाहिला नव्हता.

"गेला," बाळारामकाका म्हणाले. "त्यात माझा एक हाय. रशियाचा असंल. गावात हसतात मना, म्हन्तात हा उगा इथल्या पाखरांना परदेशी करतो. पत्र आलं की दाखवनार हाय मी." थोडं थांबून म्हणाले, "दोन वरसं झाली. येतच न्हाय."

ते पत्र कुणामुळे अडलं आहे हे मला ठाऊक होतं. मी तिपाई मिटली.

त्यांनी घरी यायचा आग्रह केला. मी गेले ते पाहुणचारासाठी नाही. घर पक्कं, दुमजली, ओटीवर नवी फरशी. त्यांची सून प्रणाली पाणी घेऊन आली. तिचं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावर. इथल्या मुली तिकडे, तिकडच्या इकडे, असंच चालत आलंय, ती म्हणाली. ॲपवर नोंद तीच भरते, काका वही लिहितात. तिने चहा विचारला. मी चहा पीत नाही असं सांगितलं, ते खोटं होतं.

तेव्हा मला खिडकी दिसली. गजांना एक तार बांधली होती आणि तारेत कडी ओवलेली होती. प्लास्टिकची. सात मोजली. एका टोकाचं लाल, मग फिकं, आणखी फिकं, दुसऱ्या टोकाचं जवळजवळ नारिंगी. आमच्या कड्यांपेक्षा थोडी रुंद वाटली, पण संशयाला माप लागत नाही. खाडीकाठी जाळ्यात अडकून पक्षी मरतात, हे मी वाचलं होतं. मेलेल्या पक्ष्याच्या पायातलं कडं काढून ठेवलं आणि त्यावरून हव्या तेवढ्या नोंदी केल्या, तर कोण बघायला येणार?

प्रणाली आत वळली तसा मी मोबाइल काढून फोटो घेतला. ती तेवढ्यात वळली.

"फोटो कशाला?"

"रंग छान वाटले."

"ताई," ती आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही सहज आल्या नाहीत. आमच्याकडे सहज कुणी येत नाही. मागे एक आले होते, ते पण सहज. मग खांब रोवून गेले."

मी मोबाइल पिशवीत टाकला. मी निघाले.

संध्याकाळी मावशीच्या घरून तो फोटो मी मीनलताईंना पाठवला आणि खाली लिहिलं, 'बहुधा मेलेल्या पक्ष्यांची कडी.' त्यांचं उत्तर आलं, 'बहुधा नको. पक्षी बघितलास का?'

दुसरा दिवस

बांधावर काका आधीच बसलेले होते. मी येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सहज?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बस."

पुढचा तासभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन माणसं इतका वेळ गप्प बसू शकतात याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय म्हणून मी आणखी सावध झाले. नंतर दुर्बीण थोडी पुढे न्यावी म्हणून मी बांधावरून खाली पाऊल टाकलं आणि उजवा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. ओढला तर पाय आला, बूट आला नाही. काकांनी बांबूच्या काठीने बूट उचलून काढला, चिखल झटकला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मोजनीवाले असं कधी रुततीत न्हाय," ते म्हणाले. "त्यांना बराबर ठावं असतं पाय कुठं टाकायचा."

डंपर आज बंद होता. पाणी चढलं आणि थवा उतरला. मी एकेक पाय बघत गेले. बरेच पक्षी एक पाय पोटात घेऊन उभे असतात, त्यांचा दुसरा खाली येईपर्यंत थांबावं लागतं. शेवटी डावीकडून चौथा. उजवा पाय, पांढरं कडं. मग त्याने डावा खाली टेकला. खाली पिवळं, वर नारिंगी.

म्हणजे पक्षी होता. जिवंत. मग गुजरातेतला कोणता?

"दिसला," मी म्हणाले. "वर नारिंगी, खाली पिवळं."

"न्हाय. वर लाल."

"काका, नारिंगी आहे. स्पष्ट दिसतंय."

"उतरलेला लाल हाय तो." त्यांना राग आला नव्हता. चुकीचा रंग सांगणाऱ्या नव्या कामगाराशी बोलावं तसं ते बोलत होते. "अठ्ठावीस वरसं लूमच्या कारखान्यात रंगीत सूत जुळवलंय मी. नव्या लॉटचा लाल नि जुन्या लॉटचा लाल कापडात शेजारी आला का पट्टा उठतो, सगळं थान वाया. नारंगी असता त्याच्या पोटात पिवला असता. ह्याच्यात पिवला न्हाय. लाल मेला नि पांढरा शिरला. उन्हानं होतं असं."

"पण हे तुम्ही नोंदीत कधी..."

"लिवलंय की. दर टायमाला लिवलंय. वहीत."

पुढचं मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी दुर्बिणीला डोळा लावून राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"थांब जरा," ते म्हणत होते. "कड्याची एक बाजू दुसरीवर चढते ना, तिथं आतल्या कडेला ऊन लागत न्हाय. तो डावा पाय वर करून डोकं खाजवील, तवा बघ."

मी मोबाइल दुर्बिणीला लावला आणि चित्रण सुरू केलं. पाणटिवळ्याला घाई नव्हती. त्याने चोच धुतली, पंख सारखे केले, शेजाऱ्याला हुसकलं. मग डावा पाय उचलला आणि कानशील खाजवू लागला. कडं पायावर गर्रकन फिरलं. जिथे प्लास्टिकची पट्टी स्वतःवरच चढते तिथे, एका काठाला, केसाएवढी रेघ होती. गडद, कुंकवासारखी लाल.

"दिसली?" काकांनी विचारलं.

"दिसली."

घरी आल्यावर मी आधी तारेकडे बोट केलं. ते हसले. त्यांची पहिली नोंद दुसऱ्याच एका पक्ष्याची होती. तिच्या पत्रासोबत कड्याचं चित्र आलं होतं. त्यावरून त्यांनी फुटक्या लाल बादलीच्या पट्ट्या कापल्या, तशीच कडी वळली आणि पत्र्यावर उन्हात टाकली. दर काही महिन्यांनी एक उचलून तारेत ओवलं. लाल किती दिवसांत किती उतरतो ते त्यांना बघायचं होतं. सगळ्यात फिकं कडं काढून त्यांनी माझ्यासमोर उलगडलं. वरून नारिंगी, आत जिथे एकावर एक होतं तिथे लालभडक.

प्रणालीने वही आणली आणि मोबाइलवर ॲप उघडून दाखवलं. "इथे सहाच रंग आहेत. 'दिसतो तोच रंग निवडा' असं लिहिलंय. मी दिसतो तो निवडला. बाबा ऐकेनात, म्हणून दर वेळी पानाचा फोटो टाकला. म्हटलं, तिकडे कुणीतरी वाचेल."

मी वही घेतली. अक्षर तेच, तिरकं, दाट. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे छापील मराठी मी सरळ वाचते, पण हाताचं अक्षर मला एकेक शब्द थांबून वाचावं लागतं. त्या दोघांसमोर मी तसं वाचलं. 'पाणी गुडघाभर. थवा मोठा. आपला पक्षी आला. वरचे कडे नारिंगी दिसते. नारिंगी नव्हे. उन्हाने उतरलेला लाल. कृपया नोंद घ्यावी.' पुढचं पान उलटलं. त्यावरही शेवटी तेच. त्याच्या पुढच्यावरही. कृपया नोंद घ्यावी.

खोटं बोलून निघून जाता आलं असतं. मला ते जमतं, आदल्या दिवशी चहाच्या बाबतीत जमलं होतं.

"ही पानं माझ्याकडेच येत होती," मी म्हणाले. "नोंदी तपासायचं काम माझं आहे. मी ही वाचली नाहीत. म्हणून तुमचं पत्र अडलं. तुमच्या नोंदी खोट्या आहेत का ते बघायला मला पाठवलंय."

काकांनी उलगडलेलं कडं परत वळायला घेतलं, ते वळेना.

"मराठी वाचता येत नाही?" प्रणालीने विचारलं.

"येतं. वेळ लागतो. म्हणून सोडून दिलं."

"आणि आम्हाला वाटलं, ॲपच खोटं आहे," ती म्हणाली. "मी यांना किती वेळा म्हटलं, बाबा, कुणी नाही तिकडे, नुसतं मशीन आहे."

"माणूस हाय," काका कड्याकडे बघत म्हणाले. "मशीन असता तं बूट रुतला नसता."

प्रणाली हसली नाही, पण उठून ताट वाढायला गेली. तांदळाची पांढरी भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. सकाळीच मी त्यांना बूट रुतला तिथे पाहिलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, काय चालतं, काय नाही. इथे विचारलं नाही, वाढलं, आणि तिघंही मी खाते का ते बघत राहिले. तिसऱ्या म्हणजे प्रणालीच्या सासूबाई, त्या तोवर दारामागे उभ्या होत्या. काटे बारीक होते. मी खाल्लं. नंतर चहा आला, तोही प्यायले. प्रणालीने कप उचलताना फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

नंतर

मीनलताईंना मी एवढंच कळवलं, 'हो. रंग लाल आहे, चित्रण जोडलं आहे. वहीत दर वेळी लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.' त्यावर त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. ते इथे देत नाही, पण ते योग्यच होतं.

वर लाल, खाली पिवळं, उजवीकडे पांढरं, हा पक्षी आमच्या यादीत निघाला. चार हिवाळ्यांत तो कुणालाच दिसला नव्हता आणि त्याच्या नावापुढे 'बहुधा मृत' असा शेरा होता. तो शेरा मी काढला. गुजरातचा, खराच नारिंगी कड्याचा, तो दुसरा पक्षी. वहीची जुनी सगळी पानं एकेक करून वाचायला मला आठवडा लागला.

पत्र छापील नमुन्यात पाठवायची पद्धत आहे. हे मी हाताने, मराठीत लिहिलं. तीन कागद फाडले. मजकुराची मला धास्ती होती. काकांना रशिया हवा होता, आणि आमच्या नोंदीप्रमाणे त्या पक्ष्याला कडी घातली होती ती त्यांच्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर. मधल्या उन्हाळ्यांत तो कुठे जात होता, याची एकही नोंद कुणाकडे नाही. मी ते तसंच लिहिलं.

पत्र पोचलं त्या दिवशी प्रणालीचा फोन आला. तिने मोबाइल काकांच्या हातात दिला. मागे बायकांचा आवाज येत होता, बहुतेक त्याच तिघी.

"समोरच्या काठाचा?" काकांनी विचारलं.

"हो, काका. कडी तिथे घातली. रशियाचं काही सांगता येत नाही."

पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

"म्हंजे सुनबायच्या माहेरचा," ते म्हणाले. मग फोन तोंडापासून लांब धरून मोठ्याने, "ऐकलं का गो, सोयरा निघाला!" पलीकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं, हशा झाला, आणि मग आवाज पुन्हा जवळ आला. बारीक, जपून.

"पन या टायमाला तू नीट वाचलंस ना?"

"दोनदा," मी म्हणाले.